तुझे भाऊजी सॅस्काटूनला राहिले

मॉरिसव्हिल, गुरुवार, १२ जून २०२५

सीमा,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. तरीही उघडलंस, म्हणजे निम्मी लढाई मी जिंकले. उघडलं नसशील तर हे कोणी वाचतच नाहीये, मग मला घाबरायचं काय कारण?

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या मेसेजपुढे दोन वर्षं एकच टिक दिसते. मला वाटायचं, तुमच्या प्लेनोला नेटवर्कचा काहीतरी घोळ असेल. शेवटी अनयाने सांगितलं, "आजी, शी ब्लॉक्ड यू." तेरा वर्षांची नात, किती सहज सांगितलं तिने. म्हणून आता कागद. कागदाला ब्लॉक करता येत नाही, फार तर फाडता येतो.

निमित्त असं की परवा आम्ही पाचही जण कॅनडाला निघालोय. सिद्धेशने सगळं ठरवलं. विमानाने टोरोंटोला जायचं आणि तिथून आगगाडीत बसायचं, ते थेट व्हँकूव्हरला उतरायचं. पाच दिवस, एकच गाडी. "बाबांना सत्तर पूर्ण झाली, त्यांच्यासाठी स्पेशल ट्रिप," असं तो म्हणतो. तुझ्या भाऊजींना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण रस्ते खात्यात पस्तीस वर्षं पूल तपासल्यामुळे अजूनही कार कुठल्याही पुलावर चढली की माझं बोलणं हाताने थांबवतात आणि चाकांचा आवाज ऐकतात. कॅनडाच्या वाटेवर किती पूल लागतात याची वही त्यांनी एप्रिलमध्येच सुरू केली. देखावे वगैरे आम्ही बघायचे.

रेणूने मला एकच नियम घालून दिलाय. माझी सून तुला आठवत असेल, नागपूरची, फार्मासिस्ट, औषधाच्या डबीवरच्या चिठ्ठीसारखं मोजकं आणि स्पष्ट बोलते. म्हणाली, "आई, ट्रेनमध्ये जेवण इन्क्लुडेड आहे. प्लीज काही बांधून घेऊ नका." मी काहीही बांधलेलं नाही. फक्त पंचवीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थोडा चिवडा. मेतकूटही आहे, पण मेतकुटाला कोणी जेवण म्हणत नाही.

गाडीत बराच वेळ फोन लागत नाही म्हणे. "पाच दिवस फोन नाही, मग तुम्ही काय करणार?" रेणूने विचारलं. तिच्या आवाजात काळजी होती की आशा, ते मला कळलं नाही. मी म्हटलं, सीमाला पत्रं लिहीन. टेबलावर सगळ्यांचे चमचे थांबले.

त्या दिवसाबद्दल एवढंच लिहिते आणि विषय संपवते. तुझ्या इशिताच्या लग्नाच्या रिसेप्शनला मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी थोडी जास्त बोलले असेन. चार विनोद केले, लोक हसले. लोकांना हसवलं म्हणून सख्ख्या बहिणीला वाळीत टाकल्याचं मी तरी कुठे ऐकलेलं नाही. मी माफी मागणार नाही. पत्र मात्र लिहीन.

रत्ना
(आधी "ताई" लिहिलं होतं, मग खोडलं. तू ठरव.)


गाडीत, रविवार, १५ जून, संध्याकाळ

सीमा,

झाड. तळं. झाड. तळं. झाडं. मोठं तळं. सकाळपासून एवढंच चाललंय. सिद्धेश दर अर्ध्या तासाने "वॉव आई, बघ ना!" म्हणतो आणि मी बघते. सुंदर आहे. पण देवाने कॅनडा करताना झाडांचा साचा बदलायला माणूस ठेवला नव्हता असं दिसतं.

आमची दोघांची खोली म्हणजे तुझ्या घरातलं चपलांचं कपाट. दिवसा दोन खुर्च्या, रात्री त्याच जागी एकावर एक दोन पलंग. यांचा गुडघा दुखतो, म्हणजे वरचा पलंग मला. आमच्या डब्याची व्यवस्था बघणाऱ्या बाईला मी म्हटलं, रात्री फजिती नको, मला आत्ताच रंगीत तालीम करू दे. तिने शिडी लावून दिली. वर मी छान चढले. उतरताना उजवा पाय शिडीवर आणि डावा कुठेच नाही, अशी अवस्था झाली. सिद्धेशने पाय धरला, रेणूने कंबर धरली, तुझे भाऊजी खाली उभं राहून "भार डावीकडे घे, डावीकडे" म्हणत होते, जणू मी त्यांचा एखादा पूल आहे. शेवटी आता ते वर झोपणार आहेत. गुडघा म्हणे तितकासा दुखत नाही.

काचेच्या छताचा एक डबा आहे, तिथे ते दिवसभर वही घेऊन बसतात. आज सत्तावीस पूल.

जेवायला चौघांच्या टेबलावर अनोळखी माणसं शेजारी बसवतात. मला ही पद्धत फार आवडली. आज मी आणि अनया, आणि समोर एक निवृत्त दंतवैद्य व त्याची बायको. मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. प्लेनोत तुझं मोठं घर आहे, तू अजून कॉलेजात गणित शिकवतेस. बायको म्हणाली, "किती छान! तुम्ही दोघी बोलत असाल ना नेहमी?"

मी म्हटलं, "दर रविवारी."

ती दोघं उठून गेल्यावर अनया म्हणाली, "आजी, दॅट वॉज अ लाय."

"थोडा."

"सीमाआजी का बोलत नाही तुझ्याशी?"

"लग्नात मी जरा चेष्टा केली."

"काय म्हणालीस? एग्झॅक्टली काय?"

या मुलीला वकील करायला हवं. मी सांगितलं. तुलाही आठवत असेल, तरी लिहिते, कारण अनयापुढे ते वाक्य म्हणताना मला ते पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. "गिरीश आधी मला बघायला आला होता. मी नको म्हटलं. सीमाने लहानपणापासून माझे फ्रॉक वापरले, माझी पुस्तकं वापरली, मग मी नाकारलेलं स्थळही तिनेच वापरलं!" आणि तीनशे माणसं हसली.

अनयाने काटा खाली ठेवला. "गिरीशआजोबा तेव्हा होते?"

"नाही. लग्नाच्या आदल्या वर्षी गेले ते."

"आजी. यू रोस्टेड अ डेड मॅन. अ‍ॅट हिज डॉटर्स वेडिंग."

मी म्हटलं, मी कोणाला भाजलेलं नाही. मागच्या टेबलावरून रेणूने मान वळवून सांगितलं की रोस्ट करणं म्हणजे चारचौघांत एखाद्याची टर उडवणं. सांगून झाल्यावर ती परत सूप प्यायला लागली. औषधाची चिठ्ठी.

"पण ते खरं तर होतं ना?" अनयाने विचारलं. "यू रिअली सेड नो टू हिम?"

"हो," मी म्हटलं आणि खिडकीबाहेर बघितलं. तळं होतं.

रत्ना


गाडीत, मंगळवार, १७ जून, सकाळी अकरा

सीमा,

तुझे भाऊजी हरवले.

म्हणजे कुठे आहेत ते आता कळलंय, पण ते इथे नाहीत. क्रमाने सांगते, अक्षर समजून घे.

सकाळी सॅस्काटून नावाच्या गावी गाडी थांबली. वीस मिनिटं आहेत, पाय मोकळे करा, असं दोनदा सांगितलं. हे खाली उतरले. मी आवरत होते. गाडी सुटली. मला वाटलं, काचेच्या डब्यात गेले असतील. सिद्धेशला वाटलं, माझ्याजवळ आहेत. रेणूला वाटलं, नाश्त्याला बसलेत. एकाच माणसाला आम्ही तिघांनी तीन ठिकाणी बसवून ठेवलं होतं. तब्बल पाऊण तासाने अनया म्हणाली, "व्हेअर इज आजोबा?"

आम्ही गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. मी प्रत्येक बाथरूमचं दार वाजवलं. एका दारातून कोणी जर्मन माणूस ओरडला, त्याची मी मराठीत माफी मागितली. खोलीत परत आले तर यांचा फोन चार्जिंगला लावलेला, टोपी खुंटीवर, बीपीच्या गोळ्या खिडकीत. गोळ्या मी मुठीत घेतल्या आणि तशीच बाहेर पडले.

गाडीचा मुख्य अधिकारी चांगला माणूस आहे. त्याने मागे वायरलेसवर विचारलं. थोड्या वेळाने उत्तर आलं: निळा स्वेटर घातलेले एक वृद्ध गृहस्थ स्टेशनात आहेत, सुखरूप आहेत आणि तिथल्या लोकांना जवळच्या उड्डाणपुलाच्या सांध्याबद्दल प्रश्न विचारतायत. पूल बघायला गेले होते, सीमा. तुझे भाऊजी पूल बघायला गेले आणि गाडी गेली.

आता असं ठरलंय की ते रस्त्याने एडमंटनला येतील आणि संध्याकाळी आमची गाडी तिथे पोचली की चढतील. गाडी रमतगमत जाते, मोटार आधी पोचते. कोणाच्या मोटारीतून येतायत म्हणून विचारलं तर अधिकारी म्हणाला, "सम लेडी विथ बीज." मी म्हटलं, इकडे शेती फार, बियाणं विकणारी बाई असेल. बरं झालं, शेतकऱ्याची जात भली असते.


दुपारी तीन

अजून काही बातमी नाही. फोन लागत नाही, लागला असता तरी यांचा फोन माझ्याच मांडीवर आहे.

बाहेर झाडंसुद्धा संपलीत. नुसतं सपाट हिरवं, टोकापर्यंत. एवढ्या सपाट देशात माणूस हरवतो कसा? उभा राहिला तरी दिसायला हवा.

दंतवैद्याची बायको माझा हात धरून बसून गेली. मग रेणू आली. दार लावलं, खाली वाकून माझ्या बॅगेतला स्टीलचा डबा काढला. म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. एक दशमी माझ्या हातात दिली, एक स्वतः घेतली. "बाबांची गोळी एक दिवस चुकली तर चालतं," म्हणाली. "मी फार्मासिस्ट म्हणून सांगतेय, सून म्हणून नाही." आम्ही दोघींनी सहा दशम्या खाल्ल्या. नंतर ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून दहा मिनिटं झोपली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.


साडेचार

सीमा, आता जे लिहिते ते एका दमात लिहिते.

सकाळपासून मला सारखं काहीतरी यांना सांगावंसं वाटतंय. जर्मन माणसाचं सांगायचंय. रेणू झोपली ते सांगायचंय. स्वतः हे हरवलेत, ही गोष्टसुद्धा मला यांनाच सांगायचीय. तोंड उघडते आणि समोरची खुर्ची रिकामी. अजून नऊ तासही झाले नाहीत आणि संध्याकाळी ते भेटणार आहेत हे मला माहीत आहे. तुझी खुर्ची रिकामी होऊन तीन वर्षं झाली. तुझ्या तीन वर्षांमध्ये मी काय केलं, तर माइक हातात घेतला.

मी नकार दिला नव्हता. नकार गिरीशने दिला. "मोठी चांगली आहे, पण धाकटीला विचारता येईल का," असा त्याचा निरोप आला होता. हे तुला माहीत आहे, आणि तुला माहीत आहे हे मला माहीत आहे.

पहिल्यांदा खोटं आई बोलली. मला लाज वाटू नये म्हणून तिने शेजारच्या काकूंना सांगितलं, "आमच्या रत्नालाच पसंत पडला नाही." मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी तेच धरून ठेवलं. आधी सांगलीत सांगितलं. इकडे आल्यावर मंडळाच्या बायकांना सांगितलं. गणपतीच्या प्रत्येक जेवणात, कोणीतरी नवीन भेटलं की सांगितलं. तू शेजारी बसलेली असायचीस आणि कधी एका शब्दाने मला अडवलं नाहीस. एक्केचाळीस वर्षं तू माझी लाज राखलीस. गिरीशही हसून सोडून द्यायचा. आणि तो नसताना, त्याच्याच मुलीच्या लग्नात, मी त्याला उरलंसुरलं सामान करून टाकलं.

मी नेमकं काय जिवाला लावून घेतलं होतं तेही सांगते. मला गिरीश हवा होता असं नाही. मला नकार नको होता.

रत्ना


जॅस्पर, बुधवार, १८ जून, सकाळ

सीमा,

मंगळवारचं पत्र आलं असेल तर वाचू नकोस. वाचलं असेल तर विसर. दोन्ही जमणार नाही, मला माहीत आहे.

काल संध्याकाळी एडमंटनला गाडी लागली तर फलाटावर तुझे भाऊजी उभे. एका हातात मधाची मोठी बाटली, आणि उजवा कान फुगून पुरीसारखा झालेला. बियाणं नव्हे ग, मधमाश्या! पंचाहत्तर वर्षांची हेलन नावाची बाई ट्रकमधून मधमाश्यांच्या पेट्या घेऊन चालली होती, तिने यांना शेजारी बसवून घेतलं. वाटेत एका ठिकाणी ती पेट्यांचे पट्टे बघायला उतरली, हे मदतीला गेले. आणि मदत झाली ती अशी.

मी रडायचं ठरवलं होतं, पण कान बघून हसूच आलं. मग दोन्ही झालं.

"पाच तास काय केलंत?" मी विचारलं.

"ऐकलं," म्हणाले. "ती एक मिनिट थांबली नाही. बहिणीचं, मुलाचं, दोन्ही नवऱ्यांचं, सगळं सांगितलं. म्हणाली, तुमच्यासारखा ऐकणारा माणूस जन्मात भेटला नाही. मी म्हटलं, मला सराव आहे."

खोलीत आल्यावर मी पहिलं काम करायला गेले ते कालचं पत्र फाडायचं. हे परत आले होते, जीव थाऱ्यावर आला होता, आता एवढं सगळं लिहायची काय गरज होती? पाकीट जागेवर नव्हतं.

"ते ना? मी एडमंटनच्या पेटीत टाकलं," रेणू म्हणाली. "स्टॅम्प लावलेला होता. पत्ता होता. मला वाटलं, गडबडीत राहिलं."

मी तरी बॅग उलटी करून बघितली. यांनी विचारलं, काय झालं? मग सगळं सांगावंच लागलं. चाळीस वर्षांच्या संसारात मी यांना कधी सांगितलं नव्हतं, सीमा. यांनाही मी तीच गोष्ट ऐकवली होती, साखरपुड्याच्या दिवशी. मी सांगत होते आणि हे कानावर बर्फ धरून बसले होते.

"मला माहीत आहे," म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"गिरीशने सांगितलं होतं. एक्क्याण्णव साली, आपण प्लेनोला गेलो तेव्हा. मी तो विषय काढला, आणि त्याला खोटं बोलता येत नव्हतं. म्हणाला, रत्नाताई पाऊण तास बोलत होत्या. मला एक प्रश्न विचारायचा होता, तो राहूनच गेला."

"मग मला कधी बोलला का नाहीत?"

"ती गोष्ट सांगताना तू फार खूश दिसायचीस. आणि माझं काय गेलं? तो नाही म्हणाला म्हणून तू मला मिळालीस."

मी भांडणच काढलं. "मग लग्नात माझ्या हातातला माइक का नाही काढून घेतलात?"

"दोनदा उठलो. तू मला खाली बसायला सांगितलंस. माइकवरून."

ते मला आठवत नव्हतं. तुला आठवत असेल.

"त्याच दिवशी मी सीमाला सॉरी म्हणून आलो," हे म्हणाले.

"माझ्या वतीने?"

"नाही. माझ्या वतीने. तुझं तू म्हण."

सीमा, इथे चारी बाजूंनी डोंगर आहेत, शेंड्यावर बर्फ आहे, आणि माझा मुलगा, सून, नात फोटो काढतायत. मी पाठ फिरवून बाकावर हे लिहीत बसलेय. मी गिरीशचा अपमान केला. तुझा केला. इशिताचा केला. चुकून नाही केला, टाळ्या मिळत होत्या म्हणून केला. मला क्षमा कर. जमत नसेल तर नको करू, पण मंगळवारचं पत्र फाडू नकोस. ते खरं आहे, आणि मी दुसऱ्यांदा लिहू शकेन याची मला खात्री नाही.

ताई


मॉरिसव्हिल, रविवार, ६ जुलै २०२५

प्रिय इशिता,

तुला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे पत्र तुझी आई तुला मोठ्याने वाचून दाखवेल. सीमा, एक शब्दही गाळायचा नाही. तुला अवघड वाटेल तिथे पाणी पी आणि पुढे वाच.

इशिता, शुक्रवारी दुपारी तुझ्या आईचा फोन आला. दोन वर्षांनंतर. मी "हॅलो" म्हटलं. ती म्हणाली, "भाऊजींचा कान कसा आहे?" मी म्हटलं, उतरला. आणि आम्ही दोघी रडलो, कानासाठी.

मग ती म्हणाली, "ताई, मला सांगून काय उपयोग? मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझ्या चेष्टेचा राग नव्हता आला मला. त्या दिवशी सगळे गेल्यावर इशिताने मला विचारलं, बाबा तुझ्या वाट्याला असेच आले होते का, दुसरं कोणी नको म्हणालं म्हणून? मी नाही म्हटलं. तिला वाटलं, मी तिची समजूत घालतेय. तिला तू सांग."

म्हणून सांगते. मी तिथे होते. आता हयात असलेल्यांपैकी फक्त आम्ही दोघी तिथे होतो, आणि तुझी आई स्वतःबद्दल कधी काही सांगायची नाही.

डिसेंबर १९८३. सांगलीत आम्ही वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. तुझे बाबा अमेरिकेतून तीन आठवड्यांच्या रजेवर मुली बघायला आले होते. मी सहावी की सातवी. सोबत त्यांचे मामा. मी आईची हिरवी साडी नेसले होते आणि बोलत होते. हंपीची सहल, एम. ए.चा निकाल, इंदिरा गांधी, काहीही. तुझ्या आईला स्वयंपाकघरातच थांबायला सांगितलं होतं. मोठीला बघायला येतात तेव्हा धाकटीने समोर यायचं नसतं, अशी पद्धत.

सहाच्या सुमाराला घरातले दिवे गेले. गल्लीत सगळीकडे उजेड, फक्त आमच्याकडे अंधार. मी अंधारातही बोलत राहिले. तेवढ्यात तुझी आई तोंडात टॉर्च धरून बाहेर आली, दाराजवळ स्टूल ठेवलं, त्यावर चढली, फ्यूज काढला, वितळलेली तार खरडून टाकली, नवी गुंडाळली आणि फ्यूज परत बसवला. उजेड आला. तुझे बाबा मान वर करून तिच्याकडे बघत होते. ते इलेक्ट्रिकल इंजिनिअर, आणि मी त्यांना हंपीतले दगड ऐकवत होते.

"तार किती अँपिअरची घातलीत?" त्यांनी विचारलं.

तुझ्या आईने तोंडातला टॉर्च काढला. "पंधराची."

"इथे पाचची हवी."

"माहीत आहे. घरात नव्हती," ती म्हणाली, स्टुलावरून उतरली आणि आत गेली.

दोघांचं त्या दिवशीचं बोलणं एवढंच. मी पाऊण तास बोलले होते.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, मोठी चांगली आहे, पण धाकटीला विचारता येईल का. मला नकार आला, इशिता. मला. माझ्याकडून नव्हे. तुझी आई पाच दिवस नाहीच म्हणत होती. ताईच्या आधी मी करणार नाही, ताईला काय वाटेल, म्हणून जेवायचीसुद्धा नाही. सहाव्या दिवशी मी तिला म्हटलं, वेडी आहेस का, हो म्हण. एवढं एक मी चांगलं केलं होतं. मग एक्केचाळीस वर्षं त्याच्यावर माती टाकत बसले.

आठव्या दिवशी तुझे बाबा उत्तर ऐकायला स्वतः आले. मामा नाहीत, कोणी नाही, एकटेच, भाड्याच्या सायकलवरून. दार मी उघडलं. जिना चढून दम लागला होता. शर्टाच्या खिशातून पाचच्या तारेचं नवं भेंडोळं डोकावत होतं. मला नमस्कार केला, चपला काढल्या आणि माझ्या खांद्यावरून आत बघत विचारलं, "सीमा आहेत का घरात?"

तुझी रत्नामावशी